पाचामुखी

शेडचं दार उघडलं की सर आधी आत सलाम करायचे आणि मगच पाऊल टाकायचे. आत माणूस कुणी नसायचा. वीस हजार कोंबड्या असायच्या. शिवाय त्यांच्या पोटात, पायाखालच्या भुशात आणि पाण्याच्या नळ्यांत डोळ्यांना न दिसणारे जे कोणी राहत, तेही असायचे. सलाम सगळ्यांना मिळून होता. नवा असताना मी एकदा न राहवून विचारलं, "सर, कोंबड्यांना कसला सलाम?" त्यांनी नाकावरचा मास्क खाली केला. "दुसऱ्याच्या घरात शिरताना काहीतरी बोलावं लागतं का नाय? का तुमच्या विट्याकडं तसंच घुसतात?"

विट्याकडं तसंच घुसतात. मामांच्या पोल्ट्रीत मी लहानपणापासून तसाच घुसत आलो होतो, पण हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

कतारमधल्या त्या पोल्ट्री कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. सर प्रमुख आणि मी त्यांचा सगळा स्टाफ. मदिनत अश शमालकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, वाळूत, पांढऱ्या लांबलचक सहा शेड होत्या आणि त्यांच्या कडेला आमची दोन खोल्यांची लॅब. बाहेर कितीही उन्हं तापोत, कोंबड्यांना आत गारवा मिळायचा. लॅबचा एसी मात्र आठवड्यातून एकदा तरी बंद पडायचा. मी कुरकुरलो की सर म्हणायचे, "आपण कोंबड्या नाय, बाबा. आपल्याला कोण विकत घेणार?"

ते रायगडचे, श्रीवर्धनच्या बाजूचे. मराठी शाळेत शिकलेले. माझ्याशी मराठी, मॅनेजरशी हिंदी, ड्रायव्हरशी मोडकंतोडकं अरबी आणि फोनवर घरच्यांशी त्यांची कोकणी बोली, जी मला निम्मीशिम्मीच कळायची. साठी उलटलेली होती. फार्मवर सगळे त्यांना चाचा म्हणत. मी सर म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

'जंतू' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "जंतू ही शिवी झाली. रहिवासी म्हण." कोंबडीच्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जीवाणू असतोच असतो, हे मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. पण त्या एका नावाखाली शेकडो घराणी नांदतात, त्यातली बहुतेक गरीब स्वभावाची असतात, एखादंच दांडगट निघतं, आणि गरिबांनी जागा धरून ठेवलेली असते म्हणूनच दांडगटाला हातपाय पसरता येत नाहीत, हे मला सरांनी शिकवलं. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. प्रत्येक पानावर शेडचा लांबट चौकोन आणि त्यात कोणत्या कोपऱ्यात कोण राहतं त्याची नोंद. कोंबड्यांची एक तुकडी विकली जाऊन दुसरी आली की नवं पान. घराण्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. शेड दोनमध्ये वर्षानुवर्षं टिकून असलेला तो 'मुकादम'. दुसऱ्या फार्मवरून आलेल्या पिल्लांबरोबर आलेली ती 'सासुरवाशीण'. कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या एकाला त्यांनी आपल्या धाकट्या मेहुण्याचं नाव दिलं होतं.

वहीतल्या प्रत्येक नावाचा एक नमुना बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, लॅबच्या मागच्या खोलीतल्या अतिथंड फ्रीजरमध्ये झोपलेला असायचा. अकरा वर्षांच्या कुप्या. कंपनीला त्यांचा काही उपयोग नव्हता. सरांना मात्र त्यातून एक गोष्ट शोधायची होती: एक तुकडी जाते, दुसरी येते, मधे शेड धुऊन काढतात, तरीही काही घराणी परत तिथेच कशी उगवतात आणि काही कायमची का जातात. "माणसं घर बदलतात, गाव बदलतात. हे कशाला चिकटून राहतात ते बघायचंय," एवढंच ते सांगायचे. स्वतः निम्मं आयुष्य घराबाहेर काढलेल्या माणसाने हे म्हणावं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

एका बाबतीत त्यांची आणि मॅनेजरची कायम जुंपायची. मॅनेजर स्वच्छतेचा भोक्ता. रिकामी शेड इतकी धुवायची की भिंत चाटता यावी, असा त्याचा बाणा. सरांना ते पटायचं, पण अर्धंच. मशीनमधून उबवून निघालेली एका दिवसाची पिल्लं खोक्यांतून उतरवली जात तेव्हा सर तिथे जाऊन उभे राहायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. "ही सगळी पोरकी," ते म्हणायचे. "कोंबडीखाली जन्मलं असतं तर आईच्या शिटेत चोच मारून पहिल्या दिवशीच पोटात गाव वसवलं असतं. ह्यांचं पोट रिकामं, घरही रिकामं. रिकाम्या घरात पहिला कोण शिरतो? ज्याला कुणी घेत नाय तो."

एकदा त्यांनी शेड तीनमधल्या निरोगी, म्हाताऱ्या तुकडीचा मूठभर भुसा पिशवीत भरून आणला आणि नव्या पिल्लांच्या एका कोपऱ्यात, आई लेकराला भरवते तितक्या निगुतीने, पसरला. मॅनेजरने नेमकं पाहिलं. त्या दिवशी फार्मवर जी हिंदी ऐकू आली ती छापण्याजोगी नव्हती. सर शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, इन बच्चों की माँ नहीं है." मॅनेजर निघून गेला. त्यांना पहिलं ताकीदपत्र मिळालं ते याबद्दल. आज बाजारात याच कामाची तयार पुडी मिळते असं सांगून मी त्यांची बाजू मोठी करणार नाही. रोगराईच्या फार्मवर भुसा इकडचा तिकडे नेणं धोक्याचंच होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

एवढं सगळं करणारा माणूस कोंबडी खात नसेल असं कुणाला वाटेल. छे! शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून ते कधीकधी अल मुंतझात आमच्या घरी यायचे आणि माझ्या बायकोने केलेल्या रश्शातली तंगडी हाडासकट फस्त करायचे. तत्पूर्वी मात्र सांधा मोडून उजेडात धरायचे. "हिला लंगडीचा त्रास होता," असं जाहीर करून मग खायचे. माझी बायको पहिल्या वेळी ताटावरून उठली होती. माझी सात वर्षांची मुलगी त्यांना 'जर्म अंकल' म्हणायची. सगळी मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीत. तिने एकदा विचारलं, "आर देअर जर्म्स इन माय टमी?" सर गंभीरपणे म्हणाले, "अख्खा तालुका आहे." तिने लगेच पोटाला हात लावून विचारलं, "आर दे हॅपी?" इतका चांगला प्रश्न आपल्याला कुणी अकरा वर्षांत विचारला नाही, असं त्यांनी रविवारी लॅबमध्ये मला दोनदा सांगितलं.

आता पंचांविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे.

शेडमधून नमुना घ्यायची रीत अशी. बुटांवर कापडी मोजे चढवायचे आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचं. मोज्याला जे लागेल ते लॅबमध्ये यायचं. आम्ही ते प्लेटवर पसरून उबेत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी प्लेटवर गुलाबी ठिपके उगवायचे, कधी पन्नास, कधी दोनशे. एक ठिपका म्हणजे एका पूर्वजाची सगळी प्रजा. बहुतेक ठिकाणी त्यातला एक ठसठशीत ठिपका उचलतात, त्याच्यावर औषधांच्या टिकल्या ठेवून कोणत्या औषधाने तो मरतो ते बघतात, आणि तेच औषध शेडला देतात. सरांना हे मान्य नव्हतं. "एका माणसाला विचारून गावाचं मत लिहिणार? आणि तो पण सगळ्यात जाडा बघून?" आमच्या लॅबमध्ये पाच ठिपके उचलायचे. वेगवेगळ्या आकाराचे, कडेचे, मधले, एखादा मरतुकडाही. सर त्यांना पंच म्हणायचे. फॉर्मवर त्यांनी स्वतः पाच रकाने आखून घेतले होते आणि टेबलावरच्या भिंतीला, सुंदर टपोऱ्या मराठी अक्षरात, चिकटवलं होतं: पाचामुखी परमेश्वर. मॅनेजरला वाटायचं ती कुठलीतरी प्रार्थना आहे, म्हणून तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही.

मोजे घालून चालायचं काम बिष्णूचं. नेपाळचा, चाळिशीचा, कानाजवळ केस पांढरे झालेला माणूस. दोन वर्षांचं कंत्राट आणि त्यातले सात महिने झालेले. सरांनी त्याला चालायला शिकवलं होतं, आणि तो इतकं मन लावून चालायचा की कोंबड्या त्याच्या पायाशी येऊन बसायच्या. मोजे आणून देताना रोज विचारायचा, "ठीक है, सर?" तो मोजा दोन्ही हातांत धरायचा, देवळातून फुलं आणल्यासारखा.

सर दोन आठवड्यांसाठी मक्केला, उमऱ्याला गेले. जाताना लॅबची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाईच सांभाळ."

त्याच आठवड्यात शेड चारमध्ये पक्षी मरायला लागले. बुधवारी सहाही शेडच्या प्लेटा तपासायच्या होत्या. निरोगी शेडचं काम आधी, आजारी शेडचं शेवटी, म्हणजे तिकडचं इकडे लागत नाही, हा नियम. पाच शेडचे पंचवीस ठिपके मी नीट उचलले. चार नंबरची प्लेट हातात घेतली तेव्हा एक वाजून गेला होता. दीडला कंपनीची बस आणि साडेतीनला विमानतळावर बायको आणि मुलगी उतरणार होत्या, दोन महिन्यांनी. प्लेटच्या मधोमध एक सुरेख, भरदार ठिपका होता. मी तो एकच उचलला. बाकीचे चार उद्या घेऊ म्हटलं.

गुरुवारी सकाळी तो ठिपका एका औषधाला सपशेल शरण आलेला दिसला. मॅनेजर दारात उभा. शुक्रवार-शनिवार सुट्टी, पक्षी मरताहेत, औषध आजच पाण्यात पडायला हवं. "यल्ला, रिपोर्ट दो." मी त्याला सांगू शकलो असतो की मी एकालाच विचारलंय. फॉर्मवर पाच रकाने होते. मी पाचही रकान्यांत त्या एकाचंच उत्तर लिहिलं आणि खाली माझी सही केली.

घाईत एक उचलला ही चूक झाली. पाच लिहिले ही चूक नव्हती, ते खोटं होतं. इतकी वर्षं मी हे वाक्य स्वतःशीही इतकं सरळ म्हटलं नव्हतं.

औषध पाच दिवस पाण्यातून दिलं. पहिले दोन दिवस मर कमी झाली, मॅनेजरने माझी पाठ थोपटली. त्या औषधाने मरणारे सगळे मेले होते. त्यांनी धरून ठेवलेली जागा मोकळी झाली होती, आणि त्यांच्यामध्ये मुकाट बसलेला, त्या औषधाला न जुमानणारा दांडगट आता अख्ख्या शेडमध्ये पसरला. आठव्या दिवशी मेलेले पक्षी गाड्यांनी न्यावे लागले. दहाव्या दिवशी, बाकीच्या शेड वाचवायच्या म्हणून, चार नंबरमधले उरलेले सगळे पक्षी संपवायचा आदेश आला. त्या दिवशी सर परत आले होते. रिकाम्या होणाऱ्या शेडच्या दाराशी ते डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. दार उघडं होतं, पण सलाम केला नाही.

मग ते लॅबमध्ये आले आणि फ्रिजमधून चार नंबरची प्लेट काढली. जुन्या प्लेटा दोन आठवडे ठेवायच्या हाही त्यांचाच नियम. प्लेट खिडकीशी धरली. ठिपका उचलला की तिथे बारीकसा खड्डा पडतो. प्लेटवर खड्डा एकच होता. सरांनी मार्करने दुसऱ्या चार ठिपक्यांभोवती वर्तुळं काढली, त्यांची तपासणी लावली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या फॉर्मवर निकाल लिहिला: तीन शरण, दोन नाही. मी लिहिलेला फॉर्म आणि त्यांनी लिहिलेला फॉर्म असे दोन्ही टेबलाच्या खणात ठेवले. "दोन्ही कागद खणात आहेत," ते म्हणाले. "खणाला कुलूप नाय."

खाई त्याला खवखवे. मला वाटलं, ते मला कागद फाडायची मुभा देताहेत. मी फाडला नाही, पण त्या वाक्याच्या आधाराने मला त्या रात्री झोप लागली.

एवढं नुकसान झालं म्हणजे कारण लागतं. मॅनेजरने स्वतःच अहवाल तयार केला: शेड कर्मचाऱ्याने नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला, त्यामुळे निदान चुकलं. बिष्णूला शेडमध्ये जायला बंदी झाली. तो कॅम्पच्या खोलीत बसून राहायचा आणि संध्याकाळी आमच्या बसपाशी येऊन उभा राहायचा. अहवालावर लॅबप्रमुखाची सही झाली की त्याला परत पाठवणार होते, कागदावर शेरा मारून, म्हणजे आखातात पुन्हा कुणी उभं करणार नाही. मॅनेजर रोज लॅबमध्ये यायचा. "चाचा, साइन कर दो. फाइल खलास करनी है." आणि सर रोज म्हणायचे, "बुकरा, इन्शाल्ला."

बुकरा म्हणजे उद्या. आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला या शब्दाचा खरा अर्थ माहीत आहे: कधीच नाही, पण भांडणही नको. मॅनेजर चरफडायचा. मला मात्र तो शब्द ऐकला की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. सर टाळताहेत, माझ्यासाठी टाळताहेत, दोन्हीकडून मला सांभाळताहेत. मी बायकोला एवढंच सांगितलं की सरांचे माझ्यावर उपकार आहेत. तिने पुरणपोळ्या करून डबा दिला. सरांनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं, "तुझ्या घरच्यांना शुक्रन सांग," म्हणाले, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसून एक पोळी सावकाश खाल्ली.

त्या तीन आठवड्यांत सर माझ्याशी रोजच्यासारखेच वागले. फक्त दिवसातून एकदा, कामाच्या मध्येच, मान वर करून माझ्याकडे बघायचे. मी विचारायचो, "काय सर?" ते म्हणायचे, "नाय. काय नाय."

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बसपाशी बिष्णू मला म्हणाला, "सर, मैं रोज सोचता हूँ. उस दिन मेरी कमर में दर्द था. शायद मैं जल्दी चल गया. मोजा ठीक से नहीं लगा होगा." त्याचे डोळे खोल गेले होते. स्वतःची चूक शोधता शोधता त्याला ती सापडली होती. सर माझ्या मागेच बसच्या पायरीवर उभे होते. मी बिष्णूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हो जाता है."

तीन शब्द. आयुष्यात मी याहून वाईट काही बोललेलो नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरांना पत्र मिळालं. वयामुळे कंत्राट पुढे वाढवता येणार नाही, आठ दिवसांत कामातून मुक्त. आभाराची दोन वाक्यंही होती. सरांनी पत्र वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि विचारलं, "फ्रीजरचं काय?"

फ्रीजरचं काय ते नियमात लिहिलेलं होतं. ज्या नमुन्यांना जबाबदार माणूस नाही ते नष्ट करायचे. मी म्हणालो, मी सांभाळतो. मॅनेजर म्हणाला, कंपनीला गरज नाही, जागा हवी आहे. विषय संपला.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी फ्रीजर रिकामा केला. वाफेच्या मोठ्या भांड्यात, दाबाखाली, सगळं जिवंत ते मारायचं, हे काम आम्ही रोजच करत होतो. त्या दिवशी सर एकेक कुपी हातात घेऊन, बर्फ अंगठ्याने पुसून, नाव वाचून मग आत ठेवत होते. मुकादम. सासुरवाशीण. मेहुणा. शेड एक, दक्षिण कोपरा. अकरा वर्षांच्या कुप्या एकेक करून आत गेल्या. त्यांची बोटं गारठून पांढरी पडली होती. मी हातमोजे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, तुम्ही माझं नाव सांगितलं असतं तर हे सगळं वाचलं असतं. माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी?" त्यांनी हातातली कुपी खाली ठेवली. खरोखरच आश्चर्य वाटल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. "मी वाट बघत होतो, बाबा. मला वाटायचं, आज तू खण उघडशील. आज नाय तर उद्या. म्हणून मी त्याला रोज बुकरा सांगायचो."

मी म्हणालो, "आत्ता जातो. मॅनेजर ऑफिसात आहे."

"आत्ता माझ्यासाठी जाशील," सर म्हणाले. "मी चाललो म्हणून. जायचं होतं ते बिष्णूसाठी. तू त्याला सांगितलंस, हो जाता है."

मग त्यांनी कुपी उचलली, नाव वाचलं आणि आत ठेवली. भांड्याचं झाकण लावायला दोन माणसं लागतात. आम्ही ते मिळून लावलं. नमुने नष्ट केल्याच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, एक साक्षीदाराची. त्यांनी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. संध्याकाळी ते विमानाने गेले. मला सोडायला येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबचा प्रमुख मीच होतो. मॅनेजरने नऊ वाजता बिष्णूचा अहवाल माझ्या टेबलावर आणून ठेवला. "अब तुम साइन करो. प्रमोशन का लेटर भी आज ही निकलवाता हूँ." तो गेल्यावर मी खण उघडला. दोन्ही कागद जसेच्या तसे होते. ते घेतले, आणि ऑफिसकडे जायचं सोडून आधी कॅम्पकडे चालत गेलो.

बिष्णू खाटेवर बसला होता. बॅग भरून भिंतीशी ठेवलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, हिंदीत, जसं जमलं तसं. मोजे घालून तू नीट चाललास. पाच बघायचे होते, मी एकच बघितला, आणि पाच लिहिले. गलती मेरी है. त्याला दोन्ही कागद दाखवले. त्याला त्यातलं वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता तो ओरडेल. मी तयार होतो. खरं सांगायचं तर त्याने ओरडावं असंच मला वाटत होतं.

त्याने विचारलं, "पक्का, सर? मैं ठीक से चला था?"

"पक्का," मी म्हणालो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडायला लागला.

मॅनेजरकडे पुढे जे व्हायचं ते झालं. प्रमोशन गेलं, ताकीदपत्र आलं, वर्षभर माझ्या प्रत्येक कागदावर बाहेरच्या लॅबची सही लागायची. नोकरी राहिली, कारण बदली माणूस लगेच मिळत नव्हता. बिष्णू शेडमध्ये परतला. हे सगळं मी केलं म्हणून सांगत नाही. तीन आठवडे उशिरा केलं म्हणून सांगतोय.

सरांचा भारतातला नंबर मिळायला चार दिवस लागले. फोन लावला तेव्हा मागे कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी कुणाकडे गेलास? मॅनेजरकडे?"

"नाही. बिष्णूकडे."

"काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. पक्का, सर, मैं ठीक से चला था, असं म्हणाला आणि रडला. पलीकडे भांड्यांचा आवाज दूर गेला, ते उठून बाहेर आले असावेत.

"तीन आठवडे," सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "कागद माझ्या खणात होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याची चूक नाय म्हणून. मी तुझी वाट बघत बसलो. त्याला नुसतं जाऊन सांगायचं, की बाबा, तू नीट चाललास, हे माझ्या डोक्यातच आलं नाय."

मी म्हणालो, "सर, चूक माझी होती."

"तुझी होतीच," ते म्हणाले. "पण त्या माणसाला मी चालायला शिकवलं होतं."

मग त्यांनी बिष्णूचा नंबर मागितला. मी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि त्यांनी तो लिहून घेऊन मला परत वाचून दाखवला.